गल्लीतली बेगल बेकरी

बेगल म्हणजे मैद्याच्या घट्ट कणकेचे वळलेले कडे. ते आधी उकळत्या पाण्यात सोडतात आणि मग भट्टीत भाजतात. पोलंडमधल्या ज्यू वस्त्यांत हा पाव घडला, स्थलांतरितांबरोबर न्यूयॉर्क, माँट्रियल आणि लंडनला गेला आणि आता जगभरच्या सुपरमार्केटांत प्लास्टिकच्या पिशवीतून मिळतो. पिशवीतला बेगल आणि तासाभरापूर्वी भट्टीतून निघालेला बेगल यांचे नाव तेवढे एक. साध्या बेगलमध्ये लोणी नसते, दूध नसते, तेल असलेच तर नावापुरते; त्यामुळे तो झपाट्याने शिळा होतो. सकाळी सहाला कुरकुरीत असलेली साल दुपारपर्यंत चामट होते आणि दुसऱ्या दिवशी टोस्टरखेरीज तो खाववत नाही. बेगलची बेकरी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवी, हा जुन्या गिऱ्हाइकांचा आग्रह इथून येतो. शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणलेल्या नावाजलेल्या बेगलपेक्षा कोपऱ्यावरच्या बऱ्यापैकी दुकानातला गरम बेगल बहुतेक वेळा सरस ठरतो.

उकळून भाजलेल्या कड्याची कुळी जुनी आहे. पोलंडमध्ये राणी यादविगा आणि राजा यागेलो यांच्या दरबारी हिशेबात १३९४ साली ‘ओब्वझानेक’ या कड्याची नोंद सापडते. हा पाव क्राकूव शहरात आजही निळ्या हातगाड्यांवर विकला जातो आणि २०१० पासून त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. बेगल हा त्याचाच भाऊबंद. त्याचा पहिला लेखी उल्लेख १६१० मधला, क्राकूवच्याच ज्यू पंचायतीच्या नियमांतला आहे. मूल जन्मल्यानंतरच्या समारंभांत खर्च किती करावा, याबद्दलच्या त्या नियमांत बेगल येतो. व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा १६८३ मध्ये राजा यान सोबिएस्की याने उठवला आणि एका बेकरने त्याच्या सन्मानार्थ रिकिबीच्या आकाराचा पाव केला, ही कथा फार आवडीने सांगितली जाते. क्राकूवचे नियम त्या लढाईच्या ७३ वर्षे आधीचे आहेत, तेव्हा कथा सोडून द्यायला हरकत नाही.

हा सगळा वारसा पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचा आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरी पोह्यांचा मलिदा होतो. बेगलशी त्यांच्या परंपरेचा संबंध नाही. मराठी वाचकाला ‘ज्यूंचा पाव’ म्हटल्यावर अलिबाग-पनवेल आठवत असेल, तर बेगलपुरते ते बाजूला ठेवावे लागते.

१८८० नंतरच्या चार दशकांत पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत आले आणि त्यांतले पुष्कळसे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला दाटीवाटीने राहिले. बेगलच्या बेकऱ्या या भागातल्या तळघरांत होत्या. वर चाळीसारख्या इमारती, खाली कोळशाची किंवा लाकडाची भट्टी, शेजारी उकळत्या पाण्याची काहील, हवा यायला रस्त्याच्या पातळीवरची एखादी झडप. कामगार उघड्या अंगाने रात्रभर राबत आणि पहाटे माल बाहेर पडे. या हलाखीतून संघटना उभी राहिली. ‘बेगल बेकर्स युनियन, लोकल ३३८’ ही तिची पुढची प्रसिद्ध शाखा. सभासद जेमतेम तीनशे, सभांचे कामकाज यिडिश भाषेत, आणि नवा सभासद घ्यायचा तर तो बहुधा जुन्या सभासदाचा मुलगा, पुतण्या नाहीतर जावई. धंद्याचे गुपित घराबाहेर जाऊ न देण्याची ही रीत आपल्याकडच्या अनेक कारागीर जातींनाही परकी वाटणार नाही.

कामाची वाटणी चौघांची असे. दोघे ‘बेंचमन’ टेबलावर कडी वळत, ‘केटलमन’ काहिलीपाशी उभा राही आणि ‘ओव्हनमन’ भट्टी सांभाळी. वळणाराचा पगार नगावर ठरे. संघटनेच्या ताकदीचा शहराला पुरता प्रत्यय आला तो डिसेंबर १९५१ मध्ये. पगाराच्या वादातून ३४ पैकी ३२ बेकऱ्या बंद पडल्या आणि न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे ‘बेगलचा दुष्काळ’ म्हणून मथळे देऊ लागली. तीनशे माणसांनी ऐंशी लाखांच्या शहराची रविवारची न्याहारी काही आठवडे अडवून धरली होती. एवढी पकड पुढे कोणाला साधली नाही, कारण तोवर पश्चिम किनाऱ्यावर एक यंत्र आकार घेत होते.

डॅनिएल थॉम्पसन हा कॅनडात जन्मलेला, एका बेकरचा मुलगा. त्याच्या वडिलांनी बेगल वळणारे यंत्र बनवण्याचे प्रयत्न करून सोडून दिले होते. मुलाने ते १९५०च्या दशकाअखेरीस चालते केले. कणकेचा पट्टा यंत्रात एका दांड्याभोवती गुंडाळला जाई आणि नळीतून बाहेर पडे तो कडे होऊनच. (घडी घालता येणारे टेबल टेनिसचे टेबलही याच गृहस्थाचे.) हे यंत्र १९६३ मध्ये कनेक्टिकटमधल्या लेंडर कुटुंबाने भाड्याने घेतले. हॅरी लेंडर १९२७ साली लुब्लिनहून येऊन न्यू हेवन गावात बेगल करू लागला होता; त्याच्या मुलांनी बेगल गोठवून, आधीच चिरून, पिशवीत भरून देशभर पाठवला. ज्यांनी आयुष्यात ज्यू बेकरी पाहिली नव्हती त्या लाखो अमेरिकनांना बेगल माहीत झाला तो लेंडरांमुळे. १९७०च्या दशकात लोकल ३३८ मोठ्या बेकरी संघटनेत विरून गेली.

यंत्राने वेग दिला आणि बदल्यात कणीक मऊ करून घेतली. हाताने वळायची घट्ट कणीक यंत्रात अडकते, म्हणून पाणी वाढले. पाणी वाढल्यावर पाव फुगू लागला. पुढे उकळण्याची पायरीही अनेकांनी गाळली आणि भट्टीत वाफ सोडून काम भागवले. जुना बेगल ६० ते ८५ ग्रॅमचा होता. आजचा न्यूयॉर्कचा बेगल ११५ ते १७० ग्रॅमपर्यंत गेला आहे आणि त्याचे भोक बुजत चालले आहे. दुकानावर ‘पारंपरिक’ अशी पाटी लावायला पैसे पडत नाहीत, तेव्हा चांगली बेकरी ओळखायची तर आतली कामाची रीत माहीत हवी.

सुरुवात पिठापासून होते. साध्या मैद्यात प्रथिने कमी. बेगलला १३ ते १४ टक्के प्रथिनांचा, भरपूर ग्लूटेन देणारा मैदा लागतो. त्यात मीठ, थोडेसे यीस्ट आणि बार्ली माल्टचा दाट, काळसर पाक पडतो. पाणी पिठाच्या वजनाच्या जेमतेम निम्मे किंवा किंचित जास्त. ही कणीक पुरीच्या कणकेसारखी घट्ट असते आणि ती मळताना मोठे मिक्सरसुद्धा कण्हतात. मळून झाली की थोडा वेळ झाकून ठेवायची आणि टेबलावर घ्यायची.

वळणे हे खरे कसबाचे काम. कारागीर कणकेच्या लादीतून सुरीने लांब पट्टी काढतो, तळहाताखाली ती दोरासारखी लांबवतो, दोर चार बोटांभोवती फिरवून टोके तळव्याखाली आणतो, उरलेला दोर तोडतो आणि सांधा टेबलावर एकदोनदा पुढेमागे घोळवून बंद करतो. या सगळ्याला काही सेकंद लागतात. सांधा कच्चा राहिला तर तो काहिलीत उघडतो आणि कड्याची गांडुळाकार पट्टी होते. असा नग बाजूला फेकला जातो. टेबलावर पीठ भुरभुरायचे नाही, हाही एक नियम, कारण पीठ लागलेली कणीक घोळत नाही, नुसती सरकते.

वळलेली कडी मक्याचा रवा भुरभुरलेल्या फळ्यांवर मांडून थंड खोलीत जातात, तिथे ती रात्रभर, कधी दीड-दोन दिवस राहतात. थंडीत यीस्ट मंदावते पण थांबत नाही; आंबण्याचे सावकाश काम चालू राहते आणि चव उतरते ती इथे. भाजलेल्या बेगलच्या सालीवर जे बारीक बारीक फोड दिसतात तेही याच मुक्कामाचे. घाईतली बेकरी नेमकी ही पायरी आखडते. खोली मोठी लागते, वीज खर्च होते आणि आज किती खपेल याचा अंदाज काल करावा लागतो. हिशेबी मालकाला हे तिन्ही जड जाते.

पहाटे काहिलीला उकळी येते. पाण्यात माल्ट घातलेला असतो. थंड खोलीतून काढलेली कडी त्यात पडताच वर तरंगायला हवीत. बुडून राहिली तर आंबणे अपुरे झाले असे समजायचे. अर्धा मिनिट ते मिनिटभर ती पाण्यात फिरतात, मग मोठ्या झाऱ्याने निथळून काढतात. एवढ्या वेळात बाहेरच्या थरातला स्टार्च शिजून चिकट होतो आणि कड्याभोवती कवच धरतो. भट्टीत गेल्यावर हे कवच कणकेला मोकळेपणी फुगू देत नाही. गाभा दाट आणि चिवट राहतो तो त्यामुळे, आणि सालीला तुकतुकी येते तीही त्यामुळे. उकळ गाळली की उरतो तो मधे भोक असलेला साधा पाव. तो वाईट असतो असे नाही, पण त्याला बेगल म्हणणे ही दुकानदाराची सोय आहे.

ओल्या कड्यांवर तीळ, खसखस, कांद्याचे तुकडे किंवा जाड मीठ चिकटते. मग ती बिया खाली करून ओल्या गोणपाटाने मढवलेल्या अरुंद लाकडी फळ्यांवर ठेवतात आणि फळीसकट भट्टीत सरकवतात. दोन-चार मिनिटांत वरची, म्हणजे खरे तर तळाची बाजू सुकते. तेवढ्यात ओव्हनमन फळी हातभर उचलून एका झटक्यात पालथी करतो. बेगल दगडी तळावर पडतात, बिया वर येतात आणि उरलेले भाजणे दगडाच्या थेट आचेवर होते. आच २३० ते २६० अंश सेल्सिअस, वेळ पंधरा ते वीस मिनिटे. गोणपाट ओले ठेवायचे ते फळी जळू नये आणि कणीक चिकटू नये म्हणून. काही जुन्या दुकानांत पाळण्यासारखी गोल फिरणारी भट्टी दिसते; क्वीन्समधल्या युटोपिया बेगल्समध्ये १९४७ सालची अशी भट्टी चालू आहे.

न्यूयॉर्कच्या बेगलचे श्रेय तिथल्या नळाच्या पाण्याला देण्याची चाल आहे. कॅट्सकिल डोंगरांतून येणारे हे पाणी मऊ आहे हे खरे, आणि पाण्यातल्या क्षारांचा ग्लूटेनवर परिणाम होतो हेही खरे. पण तो परिणाम थोडा आहे. त्याच नळाच्या पाण्यात त्याच शहरात शेकडो दुकाने सुमार बेगल करतात. एवढा पुरावा पुरे आहे.

माँट्रियलचा बेगल वेगळ्या वाटेने गेला. तो बारीक, मोठ्या भोकाचा, गोडसर. कणकेत अंडे आणि माल्ट, मीठ जवळपास नाही, उकळीच्या पाण्यात मध, आणि भट्टी लाकडाची. आयझॅडोर श्लाफमन याने १९१९ मध्ये सुरू केलेली बेकरी १९४९ साली फेअरमाउंट रस्त्यावर आली. तिथून चालत काही मिनिटांवर सेंट व्हिएटर बेगल आहे, १९५७ सालचे. त्याचा संस्थापक मायर लेव्कोविच बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून वाचलेला होता. पुढे ते दुकान चालवले तिथेच पोरवयात कामाला लागलेल्या एका इटालियन घरच्या मुलाने. दोन्ही बेकऱ्या चोवीस तास उघड्या, दोन्हींचे भक्त परस्परांच्या बेगलला नाके मुरडणारे. दाराशी उभे राहिले की सगळे काम दिसते: भट्टीच्या तोंडाशी जळती लाकडे एका कडेला, आणि लांबच लांब अरुंद फळीवरून एका ओळीत उलटले जाणारे बेगल. तयार झालेले त्याच फळीने उचलून उतरत्या लाकडी घसरणीवर फेकतात. तिळाचा बेगल इथे इतका खपतो की तो नेहमी गरम असतो. म्हणून नवख्याने दुसरा मागू नये. ग्रेगरी शॅमिटॉफ हा माँट्रियलमध्ये जन्मलेला अंतराळवीर २००८ मध्ये फेअरमाउंटचे १८ तिळाचे बेगल आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घेऊन गेला. ताजेपणाच्या नियमाला हा जरासा अपवाद. अलीकडे मात्र लाकडाच्या धुरावरून शहरात वाद झाले आणि धुराड्यांना गाळण्या बसवण्याची वेळ आली.

लंडनचा ब्रिक लेन हा रस्ता आता बांगलादेशी खाणावळींसाठी ओळखला जातो, पण त्याच्या उत्तर टोकाला जुन्या ज्यू वस्तीच्या खुणा म्हणून बेगलची दोन दुकाने शेजारी शेजारी राहिली. तिथे उच्चार ‘बायगल’, आकार लहान, साल मऊ, आणि आत खारवलेल्या गोमांसाचे जाड काप व मोहरी. मध्यरात्रीनंतर टॅक्सीवाले आणि दारूच्या गुत्त्यांतून बाहेर पडलेली मंडळी एकाच रांगेत असतात.

न्यूयॉर्कची जोड निराळी आहे. ज्यू आहारनियमांत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ एकत्र चालत नाहीत. मासे मात्र दुधाच्या पदार्थांबरोबर चालतात. म्हणून दाट मलईदार क्रीम चीज आणि खारवलेला किंवा धुरावलेला सामन मासा ही जोडी बेगलवर बसली. क्रीम चीज १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातच बनू लागले होते. ‘फिलाडेल्फिया’ हे त्याचे प्रसिद्ध नाव केवळ विक्रीसाठी दिलेले. मासे आणि चीज विकणारी वेगळी दुकाने असत. १९१४ पासून चालू असलेले रस अँड डॉटर्स हे त्यांपैकी एक. बेगल बेकरीतून, मासा तिथून, अशी रविवारची दोन टप्प्यांची खरेदी चाले.

कारागीर ज्यूच असला पाहिजे, हा नियम केव्हाच मोडला आहे. १९७२ चे एच अँड एच बेगल्स प्वेर्तो रिकोहून आलेल्यांनी काढले. अप्पर वेस्ट साइडचे ॲब्सोल्यूट बेगल्स एका थाई कारागिराचे होते. हात त्याने दुसऱ्या नामांकित बेकरीत बसवून घेतला होता. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद झाले तेव्हा वस्ती हळहळली. शहरात हाताने वळणारे बरेचसे आज थाई किंवा लॅटिन अमेरिकी आहेत आणि काही जण एका दुकानाला बांधून न घेता दुकानोदुकानी फिरून कणकेच्या हिशेबाने मजुरी घेतात. कोनी आयलंड ॲव्हेन्यूवरची १९२० सालची बेगल बेकरी २०११ मध्ये मिटण्याच्या बेतात असताना दोन पाकिस्तानी मुसलमानांनी घेतली. त्यांतल्या एकाने पूर्वी तिथेच काम केले होते. त्यांनी ज्यू आहारनियम जसेच्या तसे ठेवले.

दुकानात शिरल्यावर पाहायचे ते आधी बेगलच्या पाठीकडे. तो पालथा केल्यावर तळ सपाट, मंद तपकिरी आणि रव्याचे एखाद-दोन कण चिकटलेला दिसला तर तो दगडावर भाजलेला आहे. तळावर जाळीचे ठसे किंवा ठिपक्यांच्या रांगा असतील तर तो वाफेच्या भट्टीत जाळीवर भाजला गेला. सगळे नग सारखे, भोक कंपासने काढल्यासारखे गोल आणि सांधा कुठेच नाही, म्हणजे यंत्र. हाताच्या बेगलची एक बाजू जाड असते आणि तिथे दोराची घडी दिसते. सालीवर फोड आणि चमक हवी. फिकट, मखमली साल उकळ गाळल्याची खूण. दाबल्यावर तो हळूहळू वर यावा, ब्रेडसारखा पिचकू नये.

माल किती प्रकारचा आहे हेही बोलके असते. साधा, तीळ, खसखस, कांदा, लसूण, मीठ, राय धान्याचा काळा आणि सगळ्या बियांचा एक, एवढ्यावर जुन्या बेकरीचे भागते. ब्ल्यूबेरीपासून इंद्रधनुषी रंगांपर्यंत तीस टोपल्या मांडल्या असतील, तर त्यांतल्या निम्म्या सकाळपासून तशाच पडून आहेत असे धरून चालावे. विचारायचा प्रश्न एकच: ‘आत्ता गरम काय आहे?’ उत्तर जे मिळेल ते घ्यावे, मनातली चव आग्रहाने मागू नये. विक्रेत्याने न विचारता बेगल टोस्टरमध्ये टाकला तर तो शिळा असल्याची कबुली समजावी. मॅनहॅटनमधल्या मरेज बेगल्सने कित्येक वर्षे टोस्ट करून द्यायला साफ नकार दिला होता. डझन मागितले की तेरा मिळणे ही जुनी रीत अजून अनेक ठिकाणी पाळतात. आणि न्यूयॉर्क राज्यात अख्खा बेगल घरी नेला तर विक्रीकर नाही, दुकानाने कापून दिला की लागतो. सुरी घरचीच वापरणे स्वस्त पडते.

वेळेचेही गणित आहे. रविवारी सकाळी नऊ ते अकरा रांग मोठी असते, पण घाणामागून घाणा निघत असल्याने बेगल हमखास गरम मिळतो. दुपारी तीनला रांग नसते, गरम बेगलही नसतो. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, कडक पाळणाऱ्या बेकऱ्या शुक्रवारी सूर्यास्ताआधी बंद होतात आणि शनिवारी रात्री उघडतात.

भारतात हा पाव उशिरा पोचला. मुंबईत वांद्र्याला आणि इतर काही उपनगरांत, तसेच पुण्यात, कॅफेंमधून तो मिळतो. इथल्या मैद्यात प्रथिने कमी असल्याने कारागिराला वेगळे ग्लूटेन घालावे लागते किंवा खास पीठ मागवावे लागते. दमट हवेत साल तासाभरात मऊ पडते ती वेगळीच अडचण. इराणी बेकरीसारखी गल्लोगल्ली रुजलेली बेगल बेकरी मात्र इथे नाही.

जवळ बेकरी नसेल तर एकदाच जास्त आणून साठवणे हा मार्ग उरतो. बेगल फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नये. त्या तापमानाला शिजलेला स्टार्च सगळ्यांत लवकर कडक होतो आणि बाहेर ठेवल्यापेक्षाही पाव लवकर शिळा होतो. आणला त्याच दिवशी, पूर्ण निवल्यावर, आडवा चिरून हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये टाकावा. तिथे तो काही आठवडे टिकतो. काढल्यावर तसाच, न वितळवता, टोस्टरमध्ये घालावा. अख्खा असेल तर त्यावर पाण्याचा हात फिरवून तापलेल्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटे ठेवावा.